टेक (TeX) या छपाईची पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक ३.१४१५९२६५३ असा विचित्र का?

कारण तो गणितातला पाय (π) आहे! संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये टेकचं काम हाती घेतलं, ते स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघून. त्यातली गणिताची जुळणी त्यांना बघवेना. पुढे टेकची तिसरी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की आता नवं काही घालायचं नाही, फक्त चुका काढायच्या. म्हणून दर दुरुस्तीच्या फेरीला पायचा एक अंक वाढतो. शेवटून दुसरा ५ आला २०१४ मध्ये आणि शेवटचा ३ थेट २०२१ मध्ये. सोबतचं मेटाफॉन्ट, म्हणजे अक्षरांचे आकार घडवणारं सॉफ्टवेअर, याच चालीनं २.७१८… करत 'ई' (e) या गणितातल्या स्थिरांकाकडे सरकतंय.

नुथ यांच्या पश्चात क्रमांक कायमचा π होणार आणि उरलेल्या चुका 'वैशिष्ट्यं' मानायच्या, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

चूक दाखवणाऱ्याला ते चेक पाठवत. टेकसाठीची रक्कम दुप्पट होत होत ३२७.६८ डॉलरवर थांबली. सेंटमध्ये मोजा: ३२७६८, म्हणजे दोनाचा पंधरावा घात. (हा माणूस बक्षीससुद्धा सरळ आकड्यात देत नाही.) गंमत म्हणजे बऱ्याच जणांनी चेक वठवलेच नाहीत, फ्रेम करून भिंतीवर टांगले.