बी.एस्सी. नर्सिंग झालंय, ट्रॉमामध्ये (गंभीर जखमींच्या विभागात) जावं का?

रक्त बघवेल का, ही काळजी आधी सोडा. त्याची सवय होते. खरी कसोटी वेगळी आहे. एकदम तीन जखमी आले, तर जोरात ओरडणाऱ्याआधी गप्प पडलेल्याकडे तुमचं लक्ष जातं का? ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग निदान मोकळा असतो. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा क्रम पहाटे चारलाही डोक्यात पक्का हवा. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणारा ग्लासगो कोमा स्केल पूर्ण शुद्धीच्या 15 वरून गंभीर बेशुद्धीच्या 8 वर घसरला, तर ते पहिल्यांदा टिपणारी बहुतेकदा नर्सच असते.

मला सगळ्यात जड गेलं ते नातेवाइकांना सामोरं जाणं. दाराशी उभ्या असलेल्या आईशी काय बोलायचं, हे कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये शिकवलं नव्हतं.

म्हणून लगेच ठरवू नका. वर्षभर कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूत काढा, जमलं तर मुंबईच्या सायन रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी. मग ओढ टिकली, तर इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंगची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका करता येते. आणि हो, नाईट संपवून घरी गेल्यावर झोप लागते का, तेही बघा.