पर्यावरणीय आरोग्यात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यास
यवतमाळच्या खेड्यातून आपण या विषयाकडे वळत आहात, याचा आनंद वाटला. सुरुवातीला बहुतेकांची चूक एकच होते: ‘विदर्भातील प्रदूषण व आरोग्य’ असा अवाढव्य विषय घेणे. त्याऐवजी एक दूषित करणारा घटक, एक लोकसमूह आणि एक परिणाम निवडावा. उदाहरणार्थ, बोअरवेलच्या पाण्यातील फ्लोराइड, ज्याची भारतीय मानकानुसार स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम आहे, आणि शाळकरी मुलांच्या दातांवरील डाग. कपाशीवरील कीटकनाशक फवारणीचा विषय, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांना झालेल्या विषबाधांनंतर, अनेकांना खुणावतो. पण हंगाम हुकला की वर्ष गेलेच (माझे गेले). रक्त-लघवीचे नमुने घेण्याआधी नैतिकता समितीची (माणसांवरील संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीची) लेखी मंजुरी हवीच. मार्गदर्शक निवडण्यापूर्वी त्यांच्या विद्यार्थ्यांशी अवश्य बोलावे. संख्याशास्त्राची प्रगत तंत्रे तूर्त बाजूला राहू द्यावीत.