महिनाभर हायडलबर्ग आणि डोक्यात पॅरिस

प्रश्न : ताई नमस्कार, मी त्रिमूर्तीनगरला राहते, बीएच्या थर्ड इयरला आहे. जर्मनची ए-टू लेव्हल झालीये आणि ऑगस्टमध्ये चार आठवड्यांच्या समर कोर्सला जर्मनीत हायडलबर्गला चाललेय. बाबांनी एफडी मोडून पैसे दिले म्हणून टेन्शन आहे. सोबतच्या तिघी म्हणतात शेंगेन व्हिसा आहेच तर दर वीकेंडला एकेक देश उरकू, पॅरिस, स्वित्झर्लंड, प्राग. आई म्हणते नुसता अभ्यास कर आणि डबाभर तूप ने. एवढ्याशा महिन्यात नेमकं काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अगं बाप्पा, मस्तच की! आता स्पष्ट सांगते. शुक्रवारी संध्याकाळी गाडी पकडायची, रविवारी मध्यरात्री परत यायचं, सोमवारी क्लासात पेंगायचं, असं तीनदा केलं की कोर्सच संपला. एखादी लांबची ट्रिप कर, पॅरिस म्हण, पण एकच.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती बहुतेक कोणी सांगितली नसेल. जर्मनीत ऑगस्ट म्हणजे युनिव्हर्सिटीची सुट्टी, उन्हाळी सेमिस्टर जुलैत संपतं आणि पुढचं ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे तिथले बरेचसे पोट्टे आपापल्या गावी. तुझ्या क्लासात सगळे तुझ्यासारखेच बाहेरून आलेले, ब्रेक झाला की सगळे इंग्रजीवर येणार, आणि संध्याकाळी तुम्ही चौघी हॉस्टेलच्या किचनमध्ये खिचडी टाकून मराठीत गप्पा ठोकणार. मग जर्मन बोलणार कोणाशी, बेकरीवाल्या बाईशी? तेही बोट दाखवून!

म्हणून आत्ताच समर स्कूलच्या ऑफिसला मेल टाकून टँडेम पार्टनर मिळेल का विचार, म्हणजे तू त्याला इंग्रजी किंवा हिंदी शिकवायची, त्याने तुला जर्मन. तिथल्या युनिव्हर्सिटीत १९६२ पासून साउथ एशिया इन्स्टिट्यूट आहे, खंडोबा आणि धनगरांवर एवढं मोठं काम केलेले जर्मन अभ्यासक सोन्थायमर तिथलेच. तिथे कोणाला भेटायचं असेल तर जूनमध्येच लिही, ऑगस्टमध्ये प्रोफेसर लोकही गायब असतात. आणि समोरचा तू अडखळलीस की लगेच इंग्रजी सुरू करतो (मदत म्हणूनच हो), तेव्हा न लाजता म्हणायचं, जर्मनमध्येच बोला प्लीज.

नागपूरबद्दल विचारतीलच. संत्र्यांवर दोन वाक्यांत विषय संपतो, त्यापेक्षा मारबत सांग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारे काळ्या-पिवळ्या मारबतीचे ते मोठाले पुतळे, सोबत बडग्यांचे पुतळे, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडणारी गर्दी, हे सगळं जर्मनमध्ये दहा वाक्यांत इथूनच बसवून ने. समोरचा प्रश्नांवर प्रश्न विचारेल आणि तुला उत्तरं द्यावीच लागतील, तीच तुझी प्रॅक्टिस.

फिरायला डॉइचलँड टिकट घे, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो झालंय, त्यात जर्मनीभरच्या लोकल आणि रीजनल गाड्या, बस, ट्राम चालतात, फास्ट आयसीई नाही. मानहाइम, श्पायरचं कॅथेड्रल, वोर्म्स, सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. फक्त हे सबस्क्रिप्शन असतं, १० ऑगस्टच्या आत कॅन्सल केलं नाही तर सप्टेंबरचेही पैसे कटतात, मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेव. रविवारी दुकानं बंद, किराणा शनिवारीच भरायचा.

तूप राहू दे. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले डबा काढून घेतील. त्यापेक्षा आईकडून गोडा मसाला घे.

आणि या कोर्सचे क्रेडिट इथे धरतील का, ते जायच्या आधी कॉलेजला लेखी विचार, तोंडी ‘हो हो, होऊन जाईल’ वर जाऊ नकोस. निघताना तिथून सर्टिफिकेटवर किती तास शिकवलं आणि किती ईसीटीएस (म्हणजे युरोपातले क्रेडिट) मिळाले हे दोन्ही लिहून, सही-शिक्क्यानिशी घे. तिकडे एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात, ते इथल्या ऑफिसात तुलाच समजावून सांगावं लागेल, तेव्हा सिलॅबसची प्रिंटही जोडून ठेव.