जाफर गेटचा दिवा नोगुचीचा आहे का?

प्रश्न : मिस्टरांनी संभाजीनगरच्या जाफर गेट बाजारातून एक जुना कागदी लॅम्प आणलाय, भोपळ्यासारखा गोल, बांबूच्या कामट्या अन् खाली बारीक लोखंडी पाय. भाचा म्हणायलाय हा नोगुचीचा अकारी आहे, विकला तर लाखात जाईल. एका बाजूनं फाटलाय, कागझीपुऱ्याचा हातकागद चिकटवू का?
– एक वाचक, जालना

उत्तर : ताई, अकारी म्हणजे नोगुचीनं घडवलेले कागदी दिवे. आधी शेडवर लाल शिक्का बघा, सूर्य-चंद्राचं चिन्ह अन् सोबत नोगुचीचं नाव. ते नसेल तर बहुतेक नक्कलच, कारण असे गोल कागदी दिवे जगभरातल्या दुकानांत कधीपासून ढिगानं विकायलेत.

इसामू नोगुची मूळचा शिल्पकार, जन्म 1904 चा लॉस एंजेलिसचा, वडील जपानी कवी अन् आई अमेरिकन. 1951 ला हिरोशिमाला जाताना तो जपानातल्याच गिफू शहरात थांबला, तिथं पाणकावळ्यांकडून मासे धरतात ते रात्री कंदिलाच्या उजेडात बघितलं, अन् तिथल्या महापौरांनी गळच घातली की आमचा कंदिलाचा धंदा बसत चाललाय, काहीतरी करा. मग त्यानं लाकडी साच्यावर बांबूची कामटी गुंडाळून त्यावर तुतीच्या सालीचा पातळ कागद चिकटवायचा, वाळला की आतला साचा सुटा करून काढायचा, ही गिफूची जुनीच रीत वापरून विजेचे दिवे केले अन् पुढं शंभरावर नमुने काढले. शेड घडी होऊन चपट्या खोक्यात मावते. 1986 ला व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनातही हे दिवे मांडले होते.

आता भाच्याला सांगायची गोष्ट, अकारी गिफूत ओझेकीच्या कारखान्यात आजही बनतात, म्हणजे शिक्का सापडला तरी दिवा अस्सल आहे एवढंच कळतं, जुना आहे हे नाही, अन् लाखाची भाषा जुन्यालाच. वर कागद फाटला की लोक नवी शेड बसवतात, त्यामुळं पाय जुने अन् शेड कालची असंही होतं. पायांचा गंज, वायर, होल्डर बघा.

कागझीपुऱ्याचा कागद नको. चांगलाच असतो, पण चिंध्यांच्या लगद्याचा, जाड, बारीक कामटीवर ओढ बसेल अन् उजेडात ठिगळ काळं दिसेल. पातळ जपानी कागद मागवा, गव्हाच्या खळीनं लावा. धूळ मऊ ब्रशनं, ओलं फडकं अजिबात नाही. वायर नवी टाकून घ्या, एलईडीच लावा, जुन्या बल्बच्या उष्णतेनं कागद पिवळा अन् कडक होतो.