पुण्यात एम.फार्म. करावं का? शाखा आणि कॉलेज कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की लातूरहून बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहात, गुण चांगले आहेत, जीपॅट (एम.फार्म.साठीची देशपातळीवरची परीक्षा) थोडक्यात हुकली, कुरकुंभच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी, म्हणजे औषध तपासण्याच्या विभागात) नोकरीचं बोलणं चाललंय, आणि घरचे म्हणतात की पुण्यात जाऊन एम.फार्म. करून टाक. शाखा कोणती घेऊ आणि कॉलेज कोणतं, हा तुमचा प्रश्न.

मी पुण्यातूनच फार्मास्युटिकल ॲनालिसिसमध्ये एम.फार्म. केलं. आता जवळच्याच एका कंपनीच्या आर अँड डी (संशोधन) विभागात औषध तपासण्याच्या पद्धती विकसित करण्याचं काम करते आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतींनाही बसते. तिथे बसून जे दिसतं त्यावरून सांगते. शाखा आणि कॉलेजचं नाव नंतर बघू. आधी हे शोधा की दुसऱ्या वर्षी तुमच्या हाताखाली कोणतं इन्स्ट्रुमेंट येणार आहे आणि गाईड कोण असणार आहे.

कारण पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम फार्मसी कौन्सिलनं देशभर ठरवून दिलेला आहे. मॉडर्न ॲनालिटिकल टेक्निक्सचा पेपर लातूरला शिकलात काय आणि कोथरूडला शिकलात काय, पुस्तकं तीच. तिसऱ्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स सोडलं तर पुढचं जवळजवळ सगळं वर्ष तुमच्या थिसिसचं. खरं एम.फार्म. तिथे घडतं किंवा वाया जातं.

मुलाखतीत काय होतं ते सांगते. समोरच्या मुलानं थिसिसमध्ये दोन औषधांच्या कॉम्बिनेशनसाठी एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलम नावाच्या नळीतून वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवरची पद्धत विकसित केलेली असते. लिनिॲरिटी, प्रिसिजन, ॲक्युरसी, रोबस्टनेस, पद्धत भरवशाची असल्याचे सगळे तक्ते व्यवस्थित असतात. मी एकच विचारते (बफर म्हणजे पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर ठेवणारं द्रावण), "बफरचा पीएच ३ का घेतला?" बरेच जण म्हणतात, "लिटरेचरमध्ये तसाच होता." तिथे माझा जीव तुटतो, कारण मूल हुशार असतं, त्याला कुणी ते विचारायला शिकवलेलंच नसतं. ज्यानं स्वतः काम केलंय तो सांगतो की औषधाचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू आयनरूपात असतात) साडेचारच्या आसपास आहे, पीएच साडेचारला ठेवला तर बफरमधल्या जराशा फरकानंही पीक (आलेखावरचं औषधाचं शिखर) पुढेमागे सरकतो, म्हणून दीड-दोन युनिट खाली गेलो. शिवाय साध्या सी-१८ कॉलमला पीएच २ च्या खाली नेणं बरं नाही, म्हणून ३ वर थांबलो. एवढं बोलला की पुढचे प्रश्न मी मनापासून विचारते. हे उत्तर पाठ करून येत नाही. कॉलमवर इंजेक्शनं मारून, पीकचं शेपूट बघून, बफर पुन्हा बनवून येतं.

म्हणून प्रवेशाआधी कॉलेज स्वतः जाऊन बघा. कामाच्या दिवशी, दुपारी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नका. इन्स्ट्रुमेंट रूममध्ये जा आणि एचपीएलसीचं लॉगबुक बघायला मागा. त्यात तारीख, सॅम्पल, कॉलम, वापरणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. गेल्या आठवड्याच्या नोंदी असतील, वेगवेगळी नावं असतील, मध्येच "प्रेशर जास्त, फ्रिट साफ केली" असं काही लिहिलं असेल, तर ती लॅब जिवंत आहे. शेवटची नोंद कौन्सिलच्या तपासणीच्या दिवसांची असेल आणि त्यानंतर पानं कोरी असतील, तर मशीन कितीही नवं असलं तरी तुमच्या वाट्याला ते येणार नाही. कॅलिब्रेशनचं लेबल कोणत्या तारखेचं आहे तेही बघा. डिटेक्टर पीडीए (एकाच वेळी अनेक तरंगलांबी बघणारा) आहे की नुसता यूव्ही, हे विचारा. औषध आम्ल, अल्कली, पेरॉक्साईड, उष्णता, उजेड यांनी मुद्दाम मोडून अभ्यास करायचा म्हटलं की पीक शुद्ध आहे का, हे पीडीएशिवाय नीट दाखवता येत नाही.

मग तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बाहेर गाठा. सर समोर असताना नको. त्यांना विचारा: ॲसिटोनायट्राईलचे पैसे कोण देतं? कॉलम कॉलेजचा की तुमचा? शुद्ध औषधाचं गिफ्ट सॅम्पल गाईड मिळवून देतात की तुम्हीच कंपन्यांना मेल करत बसता? सॅम्पल बाहेर पाठवून नुसती पीडीएफ येते का? आणि शेवटी, रन संपल्यावर कॉलम कसा धुता? यावर जो "आधी पाणी जास्त असलेल्या मिश्रणानं बफर काढतो, मग मिथेनॉलमध्ये ठेवतो" असं सहज सांगेल, त्याच्या कॉलेजात मशीनवर मुलांचे हात पोचतात असं समजा.

पुण्यात कॉलेजं पुष्कळ आहेत: एरंडवण्याचं पूना कॉलेज ऑफ फार्मसी, आरटीओजवळचं एआयएसएसएमएस, निगडीचं मॉडर्न, पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील, सिंहगडची कॉलेजं, मराठवाडा मित्र मंडळाचं. त्यांची क्रमवारी मी लावणार नाही, कारण एकाच कॉलेजात एका गाईडकडची मुलं चमकतात आणि शेजारच्या गाईडकडची मुलं तक्ते भरतात. पूना कॉलेज भारती विद्यापीठ या अभिमत विद्यापीठाचं आहे, त्यामुळे तिथला प्रवेश राज्याच्या कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) होत नाही. त्याची चौकशी वेगळी करा. शिवाय नव्या कॉलेजांवर कौन्सिलनं घातलेली स्थगिती कोर्टात टिकली नाही, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ती अमान्य केली. राज्यात नवी कॉलेजं निघतायत, म्हणून लॉगबुक बघण्याचा आग्रह मी आता जास्तच धरते.

शाखांचं बघू. क्यूए (क्वालिटी ॲश्युरन्स) आणि ॲनालिसिस यांत मुलांचा गोंधळ होतो, कारण पुण्यात दोन्हींकडे थिसिस बहुतेक एचपीएलसीचाच निघतो. फरक नोकरीत दिसतो. क्यूए म्हणजे कागद, डेव्हिएशन, ऑडिट, बॅच रेकॉर्ड, कारखान्याची शिस्त. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम) आलं, त्यात दर्जा व्यवस्थापन, जोखमीचं मूल्यमापन, उत्पादनाचा वार्षिक आढावा हे सगळं नीट मांडलंय, आणि ते समजणारी माणसं लहान कंपन्यांनाही लागणार आहेत. ॲनालिसिसवाल्यांचं काम वेगळ्या कारणानं वाढलं. २०१८ मध्ये व्हालसार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए नावाची, कर्करोगाचा धोका असलेली नायट्रोसामाईन अशुद्धी सापडली आणि जगभर गोळ्या परत मागवाव्या लागल्या. तिची दिवसाची स्वीकारार्ह मर्यादा ९६ नॅनोग्रॅम धरली जाते. एवढं सूक्ष्म काही शोधायचं तर एलसी-एमएसवर (एचपीएलसीला रेणूचं वजन मोजणारं यंत्र जोडलेलं मशीन) काम केलेला माणूस लागतो. हे मशीन बहुतेक कॉलेजांत नसतं. असलं आणि मुलांना हात लावू देत असतील, तर ते कॉलेज यादीत वर घ्या.

सीयुटिक्सला (फार्मास्युटिक्स, म्हणजे गोळ्या-औषधं बनवण्याची शाखा) मागणी कायम आहे, फॉर्म्युलेशन आर अँड डीचा सरळ रस्ता तोच. पण तिथे वेळेचं गणित कडक असतं. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ६ महिने स्टॅबिलिटी (औषध टिकतं हे) दाखवायची असेल, तर फॉर्म्युला तिसऱ्या सेमिस्टरच्या आतच पक्का व्हायला हवा. नाहीतर तुम्ही ३ महिन्यांच्या आकड्यांवर थिसिस बांधता आणि मुलाखतीत तेच पहिलं विचारलं जातं. फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरचा परिणाम अभ्यासणारी शाखा) घ्यायची तर ॲनिमल हाऊसची नोंदणी आहे का आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची मंजुरी किती लवकर मिळते, ते आधी विचारा. मंजुरीच्या वाटेवरच सेमिस्टर संपलेलं मी पाहिलंय. कॉग्नोसीची (फार्माकॉग्नोसी, वनस्पतींपासूनच्या औषधांची शाखा) आवड असेल तरच घ्या. उरलेली जागा म्हणून घेऊ नका.

आता पैसे. जीपॅट पात्र असाल तर दरमहा १२,४०० रुपये, २४ महिने. म्हणजे २,९७,६०० रुपये. खासगी कॉलेजच्या फीचा मोठा भाग त्यात निघतो, म्हणून ही परीक्षा हुकणं तुमच्यासाठी साधी गोष्ट नाही. ज्या कॉलेजात जाणार तिथे ही शिष्यवृत्ती आत्ता मुलांच्या खात्यात जमा होते का, हे मात्र ऑफिसात आणि मुलांकडे, दोन्हीकडे विचारून घ्या. जीपॅट नसलेल्यांना बी.फार्म.च्या गुणांवर, म्हणजे खुल्या प्रवर्गात किमान ५५ टक्क्यांवर प्रवेश मिळतो, पण जीपॅटवाल्यांच्या मागून. चांगल्या गाईडकडच्या जागा तोवर गेलेल्या असतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या फीसवलती कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर त्यावर पाणी सोडावं लागतं, मग "थोडेच जास्त आहेत" म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते.

पुणंच का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण उत्तर त्यातच आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, हडपसरला १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट आहे, पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, मुळशीत नांद्याला ल्युपिनचं संशोधन केंद्र आहे, भोसरी-हिंजवडीकडे आणखी कंपन्या आहेत. याचा फायदा घ्यायचा तर दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट कंपनीत करायला मिळायला हवा. तिथे औषधाचं नावही कोडमध्ये सांगतात, स्टायपेंड कधी थोडा असतो, कधी नसतो, पण रोज दहा तास मशीनसमोर काढता आणि डेटा खोडायचा नसतो हे अंगात भिनतं. अशा जागा गाईडच्या जुन्या विद्यार्थ्यांमार्फत येतात. गाईडला सरळ विचारा, "गेल्या वर्षी तुमची किती मुलं इंडस्ट्री प्रोजेक्टला होती आणि कुठे?" उत्तर नावांनिशी आलं पाहिजे. त्याऐवजी तुम्ही पुण्यात राहून कॉलेजच्या बंद लॅबबाहेर बसणार असाल, तर शहराचं भाडं फुकट गेलं.

आणि एम.फार्म. सगळ्यांनाच लागत नाही. प्रॉडक्शन, क्यूसी, हिंजवडी-खराडीतलं फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचं काम), एमपीएससीची औषध निरीक्षकाची परीक्षा, या सगळ्यांना बी.फार्म. चालतं. आर अँड डीत किंवा डिग्री कॉलेजात शिकवण्यात जायचं असेल तर मात्र एम.फार्म.शिवाय सहसा दार उघडत नाही. घरच्यांना हे एकदा शांतपणे सांगा. "पुढची डिग्री" हे कारण दोन वर्षं आणि लाखो रुपये घालायला पुरेसं नाही.

तुमच्या बाबतीत माझं मत असं. तुम्हाला आर अँड डीत जायचंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मग कुरकुंभची नोकरी घ्या, पण जॉइन होण्याआधी विचारून घ्या की बेंच, म्हणजे लॅबमधलं काम, कोणता मिळणार. पॅकिंग मटेरियल तपासत वर्ष काढायचं नाही, इन्स्ट्रुमेंटेशनला घेतील का ते बघा. शिफ्ट करून पुढची जीपॅट द्या. १२५ प्रश्न, ५०० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं तर १ वजा, म्हणजे तुम्ही थोडक्यात हुकलात ते बहुधा अंदाजानं मारलेल्या उत्तरांमुळे. गेल्या वेळचे पेपर सोडवून तेवढंच सुधारा. वर्षभर एचपीएलसीवर बसून आलेला मुलगा एम.फार्म.च्या वर्गात बसला की गाईड स्वतःहून त्याला निवडतात, हे मी पाहिलंय.

याला एकच अपवाद. यंदाच्या कॅपमध्ये जीपॅटशिवायही तुम्हाला अशा कॉलेजात जागा मिळाली जिथलं लॉगबुक भरलेलं आहे, आणि ज्या गाईडकडे जायचंय ते तोंडावर "ये" म्हणाले, तर नोकरी सोडून या. कर्ज काढावं लागलं तरी या. खोली मात्र कॉलेजपासून चालत जाता येईल अशी बघा, मित्र शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो म्हणून तिकडे जाऊ नका. दुपारी लावलेला रन संपायला रात्रीचे आठ वाजतात, आणि कॉलम धुतल्याशिवाय निघता येत नाही.