आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेला चालले आहेत. प्रवास विमा भारतातून घ्यावा की तिथल्या कंपनीचा?

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या चालू. आई ६३ वर्षांची, तब्येत ठणठणीत. मुक्काम बहिणीकडे न्यू जर्सीला, आणि एजंटाने ५० हजार डॉलरची पॉलिसी सुचवली आहे. ती पुरेल का, असं तुम्ही विचारलं आहे. मी बरीच वर्षं न्यू जर्सीतच राहते. आमच्याकडे दोन्हीकडचे आई-वडील येऊन राहून गेले आहेत आणि सासऱ्यांच्या क्लेमचा पाठपुरावा मीच केला होता. त्यावरून सांगते, ५० हजार की एक लाख हे नंतर ठरवा. आधी बाबांच्या मधुमेहाबद्दल आणि बीपीबद्दल त्या पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी विम्याची सक्ती नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचा विमा दाखवावाच लागतो, तसं इथे कुणी विचारत नाही. म्हणून बरेच जण तिकिटाबरोबर मिळेल ती पॉलिसी घेऊन मोकळे होतात. पण मेडिकेअर ही इथली सरकारी योजना पाहुण्यांसाठी नाही, आणि बहिणीच्या नोकरीतल्या विम्यात आई-वडिलांचं नाव घालायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. म्हणजे दुखलंखुपलं तर जो काही आधार, तो या एकाच पॉलिसीचा.

आता जुन्या आजारांबद्दल. भारतीय कंपन्यांच्या बहुतेक प्रवास पॉलिसींत आधीपासून असलेले आजार वगळलेले असतात. काही पॉलिसी जिवावर बेतलं तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च देतात, पण त्यालाही वेगळी, बरीच कमी मर्यादा असते. अमेरिकन कंपन्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये अनेकदा ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’चं कलम असतं. जुना आजार काही लक्षण न दाखवता अचानक उसळला आणि साधारण २४ तासांच्या आत उपचार घेतले, तर खर्च मिळतो. साखर महिनाभर चढत राहिली आणि मग दवाखान्यात नेलं, तर ते या कलमात बसत नाही. नेहमीच्या रक्ततपासण्या, गोळ्या बदलून घेणं यातलंही काही बसत नाही. शिवाय हे कलम ठरावीक वयापर्यंतच लागू असतं, कुठे ७०, कुठे ८०. बाबांचं वय पाहता ही ओळ अगदी बोट ठेवून वाचा.

कंपनी ‘जुना आजार’ किती लांबून जोडते, ते आमच्या अनुभवातून कळेल. सासरे जुलैच्या उन्हात बागेत फिरताना चक्कर येऊन पडले. इमर्जन्सीत सलाइन, ईसीजी, डोक्याचा सीटी स्कॅन, रात्रभर देखरेख, आणि दुसऱ्या दिवशी घरी. डिस्चार्जच्या कागदावर पहिलीच ओळ होती, रक्तदाबाचा जुना रुग्ण. पॉलिसी भारतातली होती. कंपनीने आधीच्या काही वर्षांचे बीपीचे सगळे कागद मागितले. दीर सांगलीला फॅमिली डॉक्टरांकडे गेले, जुन्या केसपेपरचे फोटो काढले, डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र आणलं. पण क्लेम सुटला तो इथल्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या चार ओळींमुळे. चक्कर उन्हाने आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याने आली, बीपी त्या वेळी आटोक्यात होतं, असं त्यांनी लिहून दिलं. त्यानंतरही काही महिने गेले, पण पैसे मिळाले. म्हणून डिस्चार्ज घेताना कागदावर कारण काय लिहिलंय ते तिथेच वाचायला बहिणीला सांगा. एकदा घरी आलं की तो कागद दुरुस्त करून घेणं फार जिकिरीचं होतं.

आणि दुसरी गोष्ट अशी, की सासऱ्यांच्या प्रस्ताव अर्जात बीपी स्पष्ट लिहिलेलं होतं. “कशाला लिहिता, उगाच तपासण्या मागतील” असं सांगणारा कुणी भेटला तर त्याचं मुळीच ऐकू नका. आजार लपवला असं एकदा कंपनीने ठरवलं की पडून मोडलेल्या हाताचा क्लेमसुद्धा अडकू शकतो.

आता ५० हजारांचा आकडा. पॉलिसी दोन जातीच्या असतात. एकीत प्रत्येक गोष्टीचा दर ठरलेला असतो, म्हणजे हॉस्पिटलच्या एका दिवसाचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके, भूल देणाऱ्याचे इतके. दुसरीत तुमचा ठरलेला वाटा गेला की उरलेलं बिल कमाल रकमेपर्यंत कंपनी भरते. समजा तीन दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं, एक शस्त्रक्रिया झाली आणि बिल ४० हजार डॉलर आलं. पहिल्या जातीच्या पॉलिसीत दिवसाला १,५०० प्रमाणे ४,५००, शस्त्रक्रियेचे ३,०००, भुलीचे ७५० असे दर असतील तर मिळाले ८,२५०. उरलेले ३१,७५० तुमच्या बहिणीच्या गळ्यात, आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावर ५० हजारच छापलेले. दुसऱ्या जातीत समजा डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीला तुम्हीच भरायची रक्कम, २५० डॉलर आहे आणि पुढच्या ५,००० मधले २० टक्के तुमचे. म्हणजे २५० अधिक १,०००, एकूण १,२५० डॉलर तुम्ही द्यायचे, बाकीचं कंपनी देणार. हा हिशेब कंपनीच्या नेटवर्कमधल्या, म्हणजे तिच्याशी करार असलेल्या हॉस्पिटलचा. बाहेर गेलात तर तुमचा वाटा वाढू शकतो.

भारतीय पॉलिसींतही साठीच्या पुढच्यांना असे पोटआकडे, म्हणजे एकेका खर्चाच्या वेगळ्या मर्यादा, अनेकदा लागू होतात. तुमच्या एजंटाच्या पॉलिसीत ते आहेत का, हे त्याला थेट विचारा आणि उत्तर पॉलिसी वर्डिंगमध्ये, म्हणजे अटींच्या संपूर्ण मजकुरात, पानावर दाखवायला सांगा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

माझं मत विचाराल तर दोघांची पॉलिसी एकच हवी असं काही नाही. आईंसाठी पोटआकडे नसलेली भारतीय पॉलिसी चालेल. ती बहुधा स्वस्त पडते, आणि वाद झालाच तर मुंबई-पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभरात दाद मिळाली नाही तर तिकडे जायचं, तेही विनाशुल्क. बाबांसाठी मात्र मी अमेरिकन कंपनीची, दुसऱ्या जातीची आणि अ‍ॅक्यूट ऑनसेट असलेलीच घेईन. नेटवर्कमधलं हॉस्पिटल असेल तर बिल बरेचदा थेट कंपनीकडे जातं, ही त्यातली मोठी सोय. दोघांसाठीही रक्कम एक लाख डॉलरच्या खाली नको. बजेट ताणता येत असेल तर बाबांची अडीच लाखांची घ्या. हप्ता कमी करायचा असेल तर डिडक्टिबल वाढवा, रक्कम कमी करू नका. सामान हरवणं, विमान उशिरा सुटणं यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

दिवस मोजताना सांभाळा. अनेक भारतीय पॉलिसी एका वेळी १८० दिवसांपर्यंतच मिळतात आणि सहा महिने म्हणजे काही वेळा १८४ दिवस भरतात. १ जुलै ते ३१ डिसेंबर मोजून पाहा. मुदत वाढवून मिळते, पण ती संपायच्या आधी अर्ज करावा लागतो, आणि मधे क्लेम झाला असेल तर कंपनी नकार देऊ शकते. भारतीय पॉलिसी निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. अमेरिकन पॉलिसी इथे आल्यावरही मिळते, पण तोवर सुरू झालेलं दुखणं त्यात धरत नाहीत. तेव्हा घरून निघायच्या तारखेपासूनच घ्या.

आल्या आल्या बहिणीने जवळचं नेटवर्कमधलं अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ दुखण्यांसाठीचा दवाखाना, शोधून ठेवावं. ताप, खोकला, पाय मुरगळणं यासाठी तिथे जायचं, इमर्जन्सीच्या मानाने बिल पुष्कळ कमी येतं. छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, तर मात्र विम्याचा विचार बाजूला ठेवून ९११ या आणीबाणीच्या नंबरावर फोन. इथल्या १९८६ च्या कायद्यानुसार पैसे किंवा विमा नाही म्हणून इमर्जन्सीतून रुग्णाला तपासल्याशिवाय आणि स्थिर केल्याशिवाय परत पाठवता येत नाही. विम्याच्या कार्डावरच्या नंबरावर फोन त्यानंतर, पण शक्यतो त्याच दिवशी, कारण काही योजनांत वेळेत न कळवल्यास रक्कम कापतात. हॉस्पिटल, डॉक्टर, लॅब, एक्स-रे वाचणारा यांची बिलं वेगवेगळी आणि काही आठवड्यांनीही येतात, तेव्हा पहिलं बिल मिटलं म्हणून फाइल बंद करू नका.

बाबांच्या सहा महिन्यांच्या गोळ्या भारतातूनच द्या, हातातल्या बॅगेत, आणि चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं इथल्या फार्मसीत कुणाला कळत नाहीत. आणि दोघांच्या भारतातल्या मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख या सहा महिन्यांत येत असेल तर हप्ता आधीच भरून टाका. ती पॉलिसी तुटली तर जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो, आणि बाबांच्या वयात नवी पॉलिसी मिळवणं अवघड आहे.