धोट्याचा मार आणि केसपेपर

प्रश्न : माझे दीर सोलापूरच्या पूर्व भागातील एका लहान यंत्रमाग कारखान्यात काम करतात. गेल्या आठवड्यात मागावरून धोटा (विणताना आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग) उडून त्यांच्या भुवईवर बसला. डोळा थोडक्यात वाचला. केसपेपरवर मात्र 'उजव्या भुवईवर जखम, चार टाके' एवढेच लिहिले आहे. काही देशांत रुग्णालयांतील नोंदींवरून देशभरातील दुखापतींचा हिशेब ठेवतात, असे ऐकले. तो कसा ठेवतात? आपल्याकडे तशी सोय आहे का?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या दिरांचा डोळा वाचला, हे वाचून हायसे वाटले. केसपेपरवर धोट्याचा उल्लेख नाही हे आपण नेमके हेरले आहे. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना जखम किती खोल आहे हे कळले की त्यांचे काम भागते. पण तशी जखम दुसऱ्या कोणाला होऊ नये म्हणून ज्याला काही करायचे आहे, त्याला ती कशाने, कुठे आणि काय करताना झाली हे कळावे लागते.

अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी असलेला केंद्रीय आयोग १९७०च्या दशकापासून हे काम करत आहे. हजारो रुग्णालयांकडून माहिती मागवत बसण्याऐवजी त्याने संख्याशास्त्रीय पद्धतीने लहानमोठी सुमारे १०० रुग्णालये निवडली आहेत. तेथे प्रशिक्षित नोंदणीकार तातडीच्या विभागातील केसपेपर वाचून रुग्णाचे वय, जखमेचा प्रकार, शरीराचा भाग, घटनेची जागा आणि संबंधित वस्तू सांकेतिक आकड्यांत नोंदवतो आणि शेवटी घटना कशी घडली ते एकदोन वाक्यांत लिहितो. निवडलेले रुग्णालय स्वतःसारख्या किती रुग्णालयांच्या वतीने मोजले जाते, त्या प्रमाणात त्याच्या नोंदींना भार देऊन देशाचा अंदाज काढतात. सुरुवातीला भर वस्तूंमुळे होणाऱ्या इजांवर होता. २००० पासून २०२५पर्यंत सर्व प्रकारच्या दुखापती त्यात घेतल्या जात होत्या. मला या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटतात ती शेवटची एकदोन वाक्ये. शिडीवरून किती जण पडले हे आकडे सांगतात, पण शिडी घसरली की तिची पायरी मोडली, हे त्या वाक्यांतूनच उमगते. कॅनडात १९९०मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेत तर जखमी व्यक्तीला किंवा मुलाच्या आईवडिलांनाच घटनेविषयी विचारतात.

अर्थात जो जागीच दगावला किंवा ज्याने घरीच हळद दाबून जखम बांधली, तो या नोंदींत सापडत नाही.

आपल्याकडील बहुतेक आकडे पोलिसांच्या नोंदींतून येतात. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, ही संख्या त्याच मार्गाने आलेली आहे. आयआयटी मद्रासच्या साहाय्याने उभारलेल्या रस्ते अपघातांच्या एकात्मिक माहितीसंचात पोलिसांबरोबर आरोग्य विभागाच्याही नोंदींची सोय आहे आणि तो प्रथम ज्या राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. परंतु तो रस्त्यापुरता आहे. मागावरची इजा त्यात बसत नाही. कारखान्यातील अपघात कळवण्याचे बंधन मालकावर असले, तरी मोजक्या कामगारांचे कारखाने बहुधा त्या बंधनाबाहेर राहतात. उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळलेला दुचाकीस्वार आणि खड्ड्यात घसरलेला दुचाकीस्वार या दोघांच्याही नावापुढे नोंदवहीत 'अपघात' हा एकच शब्द पडत असेल, तर ट्रॉलीला परावर्तक पट्टी लावायची की खड्डा बुजवायचा, हे ती वही कशी सांगणार? धोट्याचेही तेच आहे. तो उडू नये म्हणून मागावर अडसर बसवता येतो, पण पूर्व भागात वर्षाला किती जणांना धोटा लागतो हे कोठेच लिहिलेले नसेल, तर त्यासाठी आग्रह धरणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही.

टाके काढायला जाल तेव्हा 'यंत्रमागावर काम करताना उडालेला धोटा लागून जखम' असे तारीख-वेळेसह केसपेपरवर लिहून घेण्याची विनंती डॉक्टरांना अवश्य करावी. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला, तर हीच ओळ आपल्या दिरांच्या उपयोगी पडेल.